हत्तीरोग कोणाच्या पायीं?

आमच्या पेठेंतील एका अडतीच्या दुकानांत पुष्कळ वर्षें कीर्द-खतावणी लिहिणारे एक वृद्ध दिवाणजी आहेत. त्यांचा डावा पाय गुडघ्याखालीं सुजून इतका जाड व खरबरीत झाला आहे कीं, त्यांस त्या पायांत जोडाही घालतां येत नाहीं. मागें एकदां दुकानाच्या मालकांनीं त्यांस गादीवरून उठवून मागच्या कोठारांत बसविलें. मालक मनाचे वाईट नव्हेत. दिवाणजींच्या पगारांत त्यांनीं एक पैही कमी केली नाहीं. "गिऱ्हाइकें बिचकतात, घरांत लहान मुलें वावरतात, रोग लागला म्हणजे काय करावें?" एवढेंच त्यांचें म्हणणें. त्याच आठवड्यांत आरोग्यखात्याचीं माणसें हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन पेठेंत आलीं. मालकांनीं गोळ्या हातावर घेतल्या, "आम्हांस काय झालें आहे?" असें म्हणून ते हंसले, आणि तीं माणसें पुढच्या दुकानाकडे वळतांच त्यांनीं त्या गोळ्या समोरच्या उघड्या गटारांत टाकून दिल्या. गटारांतील काळें पाणी वाहत नव्हतें, आणि त्यांत डांसांच्या अळ्या वळवळत होत्या. हा सर्व प्रकार आम्ही आमच्या डोळ्यांनीं पाहिला.

त्या गृहस्थांस नांवें ठेवण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाहीं. आमच्या वांट्याच्या गोळ्याही त्या दिवशीं आमच्या टेबलाच्या खणांत पडल्या, आणि आठ दिवस तेथेंच राहिल्या. दुसऱ्यास उपदेश करणें हाच ज्याचा धंदा, त्या पत्रकर्त्याची जर ही स्थिति, तर इतरांस बोल काय म्हणून लावावा? परंतु ह्या दोन्ही गोष्टींचा विचार करतां एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसली, व ती आम्ही आमच्या वाचकांपुढें मांडणार आहों. ज्याच्यापासून भय नाहीं त्यास आपण दूर लोटतों, आणि ज्याच्यापासून भय असण्याचा संभव आहे त्यास, म्हणजे प्रसंगीं स्वतःस, आपण निरोगी म्हणवितों. हत्तीरोग आपल्या प्रांतांत टिकून आहे तो ह्या एका उलट्या समजुतीच्या जोरावर.

हा रोग आपल्या देशांत नवा नाहीं. सुश्रुतसंहितेंत 'श्लीपद' ह्या नांवानें त्याचें वर्णन आलें असून, जेथें जुनें सांठलेलें पाणी फार आणि जो प्रदेश सर्व ऋतूंत थंड, तेथें हा रोग विशेषेंकरून होतो, असें त्या ग्रंथांत नमूद केलेलें आहे. सूक्ष्मदर्शक यंत्र हातीं नसतां, केवळ डोळे उघडे ठेवून सांठलेलें पाणी व सुजलेला पाय ह्यांचा संबंध ज्यांनीं ओळखला, त्या वैद्यांच्या निरीक्षणशक्तीस आमचा नमस्कार असो. परंतु त्यांच्या नांवाचा अभिमान मिरविणाऱ्या आपण मागाहून काय केलें? पाणी विसरलों आणि पाप तेवढें लक्षांत ठेविलें! कोणी म्हणतो, पूर्वजन्मींचें पातक. कोणी म्हणतो, ओलांडलेला उतारा. कोणी म्हणतो, शेजाऱ्याची करणी. मग डागण्या द्याव्या, लेप लावावे, गंडेदोरे बांधावे, आणि इतकें करूनही पाय उतरला नाहीं म्हणजे रोग्याच्या नशिबास दोष देऊन स्वस्थ बसावें. पूर्वजांचा अभिमान बाळगावयाचा तो असा नव्हे. त्यांनीं जेथें शोध सोडला तेथून पुढें जाणें हाच त्यांचा खरा मान.

पुढचा शोध लागावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. इ. स. १८६६ सालीं ब्राझिल देशांत वुचेरर ह्या डॉक्टरांस एका रोग्याच्या दुधाळ मूत्रांत अतिसूक्ष्म जंत दिसले. १८७२ सालीं कलकत्त्यास टिमथी लुईस ह्यांस तेच जंत मनुष्याच्या रक्तांत आढळले. १८७६ सालीं ऑस्ट्रेलियांत जोसेफ बँक्रॉफ्ट ह्यांनीं त्याच जातीचा पूर्ण वाढलेला जंत शोधून काढला. वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय हें त्या जंताचें शास्त्रीय नांव ह्याच दोघां शोधकांवरून पडलें आहे. पण हा जंत एका मनुष्याच्या अंगांतून दुसऱ्याच्या अंगांत जातो कसा? हें कोडें चीनच्या अमॉय बंदरांत नोकरीस असलेल्या पॅट्रिक मॅन्सन ह्या डॉक्टरांनीं १८७७ सालीं बरेंचसें सोडविलें. त्यांच्या माळ्याच्या रक्तांत हे जंत होते. त्याच्या अंगावर त्यांनीं डांस बसूं दिले, आणि मग ते डांस फाडून पाहिले, तों रक्ताबरोबर पोटांत गेलेलीं जंतांचीं पिल्लें तेथें वाढीस लागलेलीं त्यांस दिसलीं. मनुष्याच्या रोगाचें बीं किड्याच्या शरीरांत वाढतें हें जगास प्रथम कळलें तें ह्या प्रयोगानें. हिवतापाचा व डांसाचा संबंध रोनाल्ड रॉस ह्यांनीं सिकंदराबादेस दाखविला तो त्यानंतर वीस वर्षांनीं, म्हणजे १८९७ सालीं.

तथापि मॅन्सन ह्यांची येथें एक चूक झाली. डांस एकदां रक्त पिऊन पाण्यावर मरून पडतो, व तें पाणी प्याल्यानें रोग होतो, असा तर्क त्यांनीं बांधला. पुढें १९०० सालीं त्यांचेच शिष्य जॉर्ज लो ह्यांनीं डांसाच्या सोंडेंतच जंत दाखवून दिले, आणि हिंदुस्थानांत जेम्स ह्यांसही त्याच वर्षीं तेंच दिसून आलें. तेव्हां रोग पाण्यांतून नव्हे, तर चाव्यांतून येतो हें ठरलें. गुरूचें मत शिष्यानें पुराव्यानिशीं खोडलें, आणि त्यामुळें गुरूची प्रतिष्ठा तिळमात्र कमी झाली नाहीं, ही गोष्ट आमच्या जुन्या मताच्या मित्रांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी.

आतां ह्या जंताचा संसार पाहूं. रक्तवाहिन्यांप्रमाणेंच आपल्या शरीरांत लसीका नांवाच्या पातळ रसाच्या नळ्यांचें एक जाळें पसरलेलें आहे. अंगांत झिरपलेला जास्तीचा रस गोळा करून तो परत रक्तांत पोंचविणें हें त्या नळ्यांचें काम. शरीराचें तें गटारखातेंच म्हणाना. पूर्ण वाढलेला जंत ह्या नळ्यांत बिऱ्हाड करतो. तो सुतासारखा बारीक असून नर सुमारें चार, व मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब असते. पांच-सात वर्षें, कधीं त्याहूनही अधिक काळ, हें जोडपें जगतें, व तेवढ्या अवधींत मादी लक्षावधि सूक्ष्म पिल्लें रक्तांत सोडते. हीं पिल्लें दिवसां फुप्फुसांतील खोल रक्तवाहिन्यांत दडून असतात, आणि रात्रीं साधारण दहापासून दोनपर्यंत कातडीजवळील रक्तांत येतात. कारण त्यांस वाहून नेणारा क्यूलेक्स जातीचा डांस रात्रींच चावतो. गिऱ्हाइकाची वेळ पाहून दुकान उघडावें, तसा हा हिशेब आहे. आरोग्यखात्याचीं माणसें रात्रीं रक्त तपासावयास येतात तीं ह्याचसाठीं, आपली झोंप मोडण्याच्या हौसेनें नव्हे. डांसाच्या पोटांत शिरलेलें पिल्लूं दहा ते चौदा दिवसांत वाढून सोंडेकडे येतें, व डांस पुन्हां चावला म्हणजे कातडीवर उतरून चाव्याच्या भोंकांतून नव्या मनुष्याच्या अंगांत शिरतें.

ह्या हकीकतींतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, हा रोग शिवण्यानें, एका ताटांत जेवल्यानें, एका गादीवर बसल्यानें किंवा रोग्याचें वस्त्र अंगाला लागल्यानें होत नाहीं. मध्यें डांस असल्यावांचून ह्या जंतास एका देहांतून दुसऱ्या देहांत जाण्याची वाटच नाहीं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्यांच्या रक्तांत रोज रात्रीं हीं पिल्लें फिरतात, अशा पुष्कळ माणसांस वर्षानुवर्षें कांहींही जाणवत नाहीं. त्यांचा पाय सडपातळ असतो, भूक चांगली असते, धंदा जोरांत असतो. उलट पाय सुजतो तो, बहुधा लहानपणींच शिरलेल्या जंतांनीं आंतील नळ्या निकामी करून टाकल्यावर. आणि पाय असा कायमचा सुजून जाड होईपर्यंत रक्तांतील पिल्लें बहुतकरून नाहींशीं झालेलीं असतात. म्हणजे कोठारांत बसविलेले दिवाणजी बहुधा कोणासही रोग देत नाहींत; आणि गादीवर बसून गोळी गटारांत टाकणारे शेटजी देत नसतील असें कोणी छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. आमच्या स्वतःविषयींही आम्हांस तसें सांगतां येत नव्हतें.

ह्या एका अज्ञानापायीं आपण केवढा अन्याय करतों! आईचा पाय सुजलेला म्हणून मुलीची सोयरीक मोडते, सुनेचा पाय सुजला म्हणून तिची माहेरीं बोळवण होते, आणि हमालाचा पाय सुजला म्हणून त्याची मजुरी तुटते. पुरुषांमध्यें हाच जंत अंडवृद्धि करतो. ती तर लाजेपायीं धोतराआड आयुष्यभर लपविली जाते. वास्तविक साध्या शस्त्रक्रियेनें तिची पीडा दूर होण्यासारखी असते. पातक असेल तर तें रोग्याच्या पूर्वजन्मांत नाहीं. त्याच्या शेजाऱ्यांच्या ह्या जन्मांतील वागणुकींत आहे.

आतां गोळीविषयीं. डी. ई. सी. नांवाचें ह्या रोगावरील औषध १९४७ सालीं पुढें आलें, आणि ज्या अमेरिकन प्रयोगशाळेंत तें सिद्ध झालें तेथील संशोधनाचे प्रमुख येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्र प्रांतांत जन्मलेले आपलेच देशबांधव होते. देशांत ह्या रोगाच्या नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम १९५५ सालीं निघाला, रोगाच्या जिल्ह्यांत सर्वांस वर्षांतून एकदां औषध देण्याची पद्धति २००४ पासून सर्वत्र सुरू झाली, आणि डी. ई. सी., अल्बेंडाझोल व आयव्हरमेक्टिन हीं तीन औषधें एकत्र देण्यास ज्या जिल्ह्यांत प्रथम आरंभ झाला, त्यांत आपला नागपूर जिल्हा २०१९ सालीं होता. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथील आयुर्विज्ञान संस्थेंत ह्या रोगाच्या निदानाविषयीं पुष्कळ वर्षें संशोधन झालेलें आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या जिल्ह्यांत ह्या रोगाचें ठाणें जुनें; म्हणून औषधही आपल्या दारीं आलें. दारीं आलेलें औषध ओठांपर्यंत नेण्याचें काम मात्र सरकारचें नव्हे.

"एकदां घेतली, पुन्हां दरसाल कशासाठीं?" असें पुष्कळ लोक विचारतात. व्यापारी वाचकांस ह्याचें उत्तर त्यांच्याच भाषेंत देतां येईल. नळींत बसलेला मोठा जंत हें मुद्दल, व रक्तांत फिरणारीं पिल्लें हें त्याचें व्याज. गोळी व्याज तत्काळ बुडविते; मुद्दल मात्र सगळेंच एका मात्रेनें बुडेल असा भरंवसा नाहीं. म्हणून मोठा जंत म्हातारा होऊन मरेपर्यंत, दरसाल गोळी घेऊन व्याज वाढूं द्यावयाचें नाहीं, इतकेंच ह्यांतील इंगित. व्याज बंद पडलें म्हणजे डांसाच्या हातीं देण्यास कांहीं उरत नाहीं, आणि नवीं खातीं उघडत नाहींत. पण हें साधण्यास रोगाच्या प्रदेशांतील निदान शेंकडा ६५ माणसांनीं प्रत्येक फेरीस गोळी खरोखर गिळली पाहिजे. गोळी वांटली गेली ह्यास महत्त्व नाहीं. गिळली गेली ह्यास आहे. म्हणून कर्मचाऱ्यांनीं ती हातावर ठेवून पुढें जाऊं नये, समक्ष घ्यावयास लावावी. आणि आपणही त्यांत अपमान मानूं नये.

"गोळीनें ताप येतो" हा दुसरा आक्षेप. कांहीं जणांस गोळीनंतर ताप, डोकेंदुखी किंवा मळमळ होते, हें खरें. पण बहुधा ती रक्तांतील जंत मरत असल्याची खूण असते, आणि एकदोन दिवसांत ती आपोआप निवते. ज्यास असा त्रास झाला त्यानें, आपण निरोगी आहों हा आपला समज चुकीचा असावा, एवढा बोध घेतला तरी पुरे. गोळी उपाशीपोटीं घेऊं नये. आणि दोन वर्षांखालील बालकें, गरोदर स्त्रिया व अतिशय आजारी माणसें ह्यांस ती देत नाहींत. "फुकट मिळतें तें हलकें असतें" हा तिसरा आक्षेप आम्ही उत्तर देण्याच्याही योग्यतेचा मानीत नाहीं. ऊन, पाऊस आणि आईचें दूध हींही फुकटच मिळतात.

परंतु सर्व भार गोळीवर टाकणें हें नगरसंस्थांस सोयीचें वाटलें, तरी आम्हांस मान्य नाहीं. हिवतापाचा डांस स्वच्छ पाणी पसंत करतो. हत्तीरोगाचा डांस आपल्या घाणीवर पोसला जातो. तुंबलेलें गटार, उघडी मोरी, संडासाची फुटकी टांकी हीं त्याचीं प्रसूतिगृहें होत. एका वेळीं शंभरदोनशें अंड्यांचा तराफा तो पाण्यावर सोडतो, आणि आठदहा दिवसांत त्यांचे उडते डांस होतात. हा जंत डांसाच्या पोटांत संख्येनें वाढत नाहीं, म्हणून एकदोन चाव्यांनीं हा रोग सहसा जडत नाहीं. त्यास शेंकडों, हजारों चावे लागतात. ज्या गांवांत हत्तीरोग आहे, तेथील गटारें वर्षानुवर्षें तुंबलेलीं आहेत ह्याचा ह्याहून चांगला दाखला कोणता? बाहेरचीं गटारें तुंबूं दिलीं म्हणून आंतलीं तुंबलीं, असें म्हटलें तरी चालेल. नगरपालिकांनीं गटारांस उतार द्यावा व तीं वाहतीं ठेवावीं. घरमालकांनीं संडासाच्या टांक्या नीट झांकून त्यांच्या हवेच्या नळ्यांस बारीक जाळी बांधावी. दुकानदारांनीं आपल्या पायरीसमोरील गटारांत केर लोटूं नये. आणि प्रत्येकानें रात्रीं मच्छरदाणींत निजावें. ह्यांत शास्त्रीय पांडित्य लागत नाहीं, लाज लागते.

ज्यांचा पाय सुजला तो सुजला, त्यांचें काय? जाड झालेला पाय पूर्ववत् होणें कठीण असतें, हें आम्ही लपवीत नाहीं. पण तो रोज साबणानें व स्वच्छ पाण्यानें धुवावा, बोटांच्या बेचकांपर्यंत कोरडा करावा, भेगा व जखमांस वेळींच औषध लावावें, बसतांनिजतांना तो उंच ठेवावा, सोसेल तितका हालवावा आणि मऊ पादत्राण घालावें. एवढ्यानें वरचेवर येणारा ताप व ठणका पुष्कळ कमी होतो, आणि सूज वाढण्यासही आळा बसतो. दिवाणजींस कोठारांतील अंधाराची गरज नाहीं; पाय टेकण्यास एक चौरंग, आणि साबणाची एक वडी, एवढ्याची गरज आहे.

हें सारें केल्यानें रोग खरोखर जाईल काय? जातो, असा अनुभव आहे. ह्या जंतास मनुष्यावांचून दुसऱ्या कोणत्याही प्राण्याचें घर लाभत नाहीं. म्हणून माणसांनीं मनावर घेतलें तर तो निराश्रित होतो. चीन देशानें मिठांत हेंच औषध मिसळून तें लोकांच्या रोजच्या खाण्यांत आणलें, व २००७ पर्यंत रोगाचें उच्चाटन केलें. श्रीलंकेनें २०१६ सालीं व बांगलादेशानें २०२३ सालीं तेंच यश मिळविलें. आपल्या सरकारनें त्यासाठीं २०२७ ची मुदत घातली आहे. शेजारच्या ह्या दोन देशांचीं माणसें आपल्याहून निराळ्या मातीचीं नाहींत. त्यांचे डांसही निराळे नाहींत. त्यांनीं गोळी गिळली, एवढाच फरक.

आमच्या खणांतील गोळ्या आम्हीं नवव्या दिवशीं आरोग्यखात्याच्या बाईंस बोलावून त्यांच्यासमोर घेतल्या. रात्रीं आम्हांस थोडा ताप आला, तो दुसऱ्या दिवशीं उतरला. त्या रात्रीं आम्हांस दिवाणजींची आठवण झाली, व आजवर ज्यांच्या पायाकडे पाहून आम्ही मान फिरविली त्या सर्वांचीही. पुढच्या फेरीस तीं माणसें पुन्हां पेठेंत येतील. तेव्हां अडतीवरील शेटजींनीं प्रथम दिवाणजींस कोठारांतून गादीवर आणावें, आणि मग दोघांनीं एकमेकांसमोर आपापल्या गोळ्या गिळाव्या, एवढी आमची त्यांस नम्र विनंति आहे. गटार साफ करण्याविषयीं आम्ही नगरपालिकेच्या मागें लागूंच. पण त्या गटाराचें तोंड त्यांच्याच पायरीसमोर आहे, हें त्यांनींही विसरूं नये.